वाट वाकडी करावी असे पान

इ. स. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्यामध्ये एक अदलाबदल झाली. महाबळेश्वरचा डोंगरमाथा इंग्रजांकडे गेला आणि त्याच्या मोबदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव महाराजांस मिळाले. खंडाळा म्हटले म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे बोरघाटावरचे खंडाळे उभे राहते. हे ते नव्हे. पुण्याहून साताऱ्यास जाताना नीरा ओलांडावी, शिरवळ मागे टाकावे, आणि खंबाटकीचा घाट चढण्यापूर्वी पायथ्याशी जे गाव लागते ते हे खंडाळा. आज ते तालुक्याचे ठिकाण आहे, आणि पुण्याहून बंगळुरास जाणारा राजमार्ग त्याच्या अंगावरून अष्टौप्रहर धावत असतो.

ह्या सौद्यात कोणाच्या पदरात काय पडले हे पाहणे मोठे मनोरंजक आहे. महाबळेश्वरास माल्कमसाहेबांच्या नावाची पेठ वसली, आजारी गोऱ्या अंमलदारांसाठी आरोग्यधाम झाले, आणि मागोमाग हॉटेले आली. तेथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाटे व विलायती भाज्या पिकविण्याचा पायंडा पाडला. पुढे स्ट्रॉबेरी आली, आणि २०१० साली तर 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' ह्या नावास भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा रीतीने डोंगरावर पाहुणा, पीक आणि पाकशाळा ही तिन्ही एकमेकांच्या आधाराने वाढली. पायथ्याच्या खंडाळ्याच्या वाट्यास मात्र रस्ता आला. पाहुणा रोज दारावरून जातो, पीकही शेतात उभे असते. पाकशाळेची तेवढी ह्या दोहोंशी गाठ पडलेली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही न पडलेली गाठ होय.

राजमार्गावरील कोणत्याही मोठ्या उपाहारगृहात शिरावे. इडली आहे, डोसा आहे. पनीराचे पाच-सात प्रकार आहेत, तंदुरी रोटी आहे, छोले-भटुरे आहेत, आणि चिनी लोकांनी कधी पाहिलेही नसेल असे 'चायनीज' आहे. जागा स्वच्छ, नोकर तत्पर, पदार्थ गरम, आणि बायकामुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जी प्रसाधनाची सोय तीही पूर्वीपेक्षा कितीतरी बरी. ज्यांनी पूर्वी एस्. टी. च्या थांब्यावर उघड्या भज्यांवर भूक भागवून प्रवास केला आहे ते ह्या सोयींस नावे ठेवणार नाहीत, आणि आम्हीही ठेवीत नाही. परंतु डोळे मिटून त्या ताटापुढे कोणास बसविले, आणि आपण कोणत्या मुलखात आहो हे चवीवरून सांग म्हटले, तर त्याने काय सांगावे? हेच ताट चंडीगढास मिळते आणि कोइमतुरासही मिळते. दारापासून हाकेच्या अंतरावर शाळूचे शेत आहे, ह्याच तालुक्यातील लोणंदच्या बाजारात कांद्याचे ढीग पडले आहेत. आणि ताटात त्या दोहोंपैकी एकाचाही पत्ता नाही. कांदा असलाच तर पनीराच्या रश्श्यात विरघळलेला असतो.

जाता जाता एक गोष्ट. युरोपात 'हॉटेल' म्हणजे मुख्यतः उतरण्याचे ठिकाण. तेथे भोजन मिळते ते पाहुण्याच्या बरदास्तीचा भाग म्हणून. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ बदलून 'चहा पिण्याची जागा' असा झाला, आणि राहण्याची कल्पना त्यातून गळूनच गेली. शब्दाबरोबर पाहुणाही गळला. गिऱ्हाईक तेवढे उरले.

आता ताटाची परीक्षा कोणत्या मापाने करावी? एक माप फ्रान्सातील एका टायरच्या कारखान्याने घालून दिले आहे. मिशेलिन बंधूंनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तीत रस्त्यांचे नकाशे, दुरुस्तीची ठिकाणे, मुक्कामाच्या जागा अशी उपयुक्त माहिती असे आणि ती फुकट वाटली जाई. लोकांनी मोटारी अधिक हिंडवाव्या, म्हणजे टायर अधिक झिजतील, असा तो सरळ व्यापारी हिशेब होता. १९२६ पासून ह्या पुस्तकात उत्तम भोजनगृहांपुढे तारा छापू लागले. पाच वर्षांनी दोन व तीन ताऱ्यांची भर पडली. आणि १९३६ साली त्या ताऱ्यांचा अर्थ जाहीर झाला. एक तारा म्हणजे आपल्या वर्गात फार चांगले. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जाण्याजोगे. तीन तारे म्हणजे केवळ त्या भोजनासाठी प्रवास करावा असे. ह्या मापात झुंबरे नाहीत, रुपेरी काटे-चमचे नाहीत. प्रवासी मनुष्य आपला रस्ता सोडील की नाही, एवढाच प्रश्न आहे. रस्त्यावर वसलेल्या गावास ह्याहून अधिक लागू पडणारे माप सापडणे कठीण.

हे माप घेऊन उत्तर जर्मनीत हिंडून पाहिले तर दोन निरनिराळ्या प्रकारची भोजनगृहे दिसतात. एक प्रकार मोठ्या शहरांतील जुन्या नामांकित हॉटेलांचा. हांबुर्ग येथे आल्स्टरच्या तळ्याकाठी 'फिअर यारेसत्साइटन', म्हणजे 'चार ऋतू', ह्या नावाचे हॉटेल आहे. १८९७ साली फ्रीडरिक हेर्लिन नावाच्या गृहस्थाने ते विकत घेऊन नावारूपास आणले. त्याच्याच नावाने चालणाऱ्या तेथील भोजनगृहास मिशेलिनच्या २०२५ च्या आवृत्तीत तीन तारे मिळाले. अशा ठिकाणी भोजन म्हणजे तीन-चार तासांचा सोहळा असतो, आणि किंमतही सोहळ्यास साजेशी असते. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. श्रीमंतांची ताटे सर्वत्र सारखीच चकचकतात.

आपणास शिकण्यासारखे आहे ते दुसऱ्या प्रकाराकडून. खेड्यात किंवा हमरस्त्याच्या काठी चालणाऱ्या खाणावळवजा धर्मशाळेस तिकडे 'गास्टहोफ' म्हणतात. पुष्कळ ठिकाणी एकच कुटुंब पिढ्यान् पिढ्या तिचा कारभार पाहते. खाली भोजनाची खोली, वर मुक्कामाच्या चार-सहा खोल्या. तेथील भोजनात मांस व मासे ह्यांचे प्राधान्य असते हे खरे, आणि आपल्या वाचकांपैकी कित्येकांस त्या ताटावर बसणे अवघड जाईल. तथापि शाकाहारी मनुष्यानेही ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट त्या प्रांतात दर वसंत ऋतूत घडते.

एप्रिलच्या मध्यास तिकडच्या रेताड जमिनीतून शतावरीचे पांढरे कोंब वर येऊ लागतात. ही शतावरी म्हणजे आपल्या वैद्यांच्या शतावरीची विलायती बहीण. ऊन लागून कोंब हिरवे होऊ नयेत म्हणून त्यांवर मातीचे उंच वरंबे घालतात, आणि कोंब मातीबाहेर डोकावण्याच्या बेतात असता ते हाताने खणून काढतात. मग दोन महिने साऱ्या प्रांतास दुसरे काही सुचत नाही. रस्त्याच्या कडेला पाले उभारून शेतकरी जुड्या विकतो. खेड्यातील प्रत्येक गास्टहोफच्या दारापुढे खडूने लिहिलेली पाटी लागते. शहरातील लोक सुटीच्या दिवशी सहकुटुंब बाहेर पडतात. ताटात असते तरी काय? उकडलेले कोंब, उकडलेले नवे बटाटे आणि वर पातळ केलेले लोणी. म्हणजे आपला वरणभात-तूपच! आणि २४ जून ह्या सेंट जॉनच्या दिवशी हे सारे परंपरेप्रमाणे बंद होते. कोंब येतच असतात, गिऱ्हाईकही असते; पण पुढील वर्षासाठी झाडास विश्रांती हवी म्हणून शेतकरी हात आवरतो. जे वर्षभर मिळत नाही त्यासाठीच मनुष्य रस्ता सोडून जातो, हे त्या लोकांनी पुरतेपणी ओळखले आहे. ल्यूनेबुर्गच्या माळरानावर कुट्टूच्या पिठाचा थरांचा गोड केक करतात; तोही असाच त्या जागेशी बांधलेला पदार्थ आहे. आपण कुट्टू उपासास खातो, ते पाहुण्यास वाढतात, एवढाच फरक.

खंडाळ्याकडे असे काही आहे काय? आहे, आणि ते शतावरीहून तिळभरही कमी नाही. त्याचे नाव हुरडा.

रब्बीच्या शाळूचे कणीस भरते, पण दाणा अजून दुधाळ असतो, हाताच्या नखाने फुटतो, अशी एक अवस्था मार्गशीर्ष-पौषात येते. ती फार थोडे दिवस टिकते. आठवड्याभरापूर्वी दाण्यात नुसते पाणी, आठवड्याभरानंतर तो कठीण. मध्ये जो गोडवा असतो तोच हुरडा. सकाळी कणसे खुडावी, जमिनीत लहानसा खड्डा करून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवावी, धूर निघून गेल्यावर निखाऱ्याच्या धगीत कणीस फिरवावे, आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करावे. चोळणाऱ्याचे हात भाजतात आणि खाणाऱ्याची जीभ. त्यावाचून गत्यंतर नाही, कारण निवलेला हुरडा हा हुरडा नव्हे. जवळ तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, दह्याची वाटी. सुरती, गुळभेंडी अशा काही जाती केवळ हुरड्यासाठी राखलेल्या असतात, त्यांचा दाणा सहज सुटतो व गोडीही अधिक. शीतपेटीत घालून हुरडा शहरात आणता येतो, आणि आणतातही. परंतु शेतातील हुरड्याशी त्याचे नाते पुस्तकात चेपलेल्या फुलासारखे असते. तो खायचा तर शेतावर गेले पाहिजे. अर्थात वाट वाकडी केली पाहिजे.

हे कोणास सुचले नाही असे नाही. अलीकडे पुणे-नगरच्या बाजूस हुरड्याच्या मेजवान्यांचा मोठाच धंदा झाला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हापासून शेतावर पाहुणे उतरविणाऱ्यांस सरकारदरबारी मान्यताही मिळू लागली. परंतु पुष्कळ ठिकाणी पाळणे, बैलगाडीची फेरी, कृत्रिम पावसातला नाच आणि मोठ्या आवाजाचा कर्णा ह्यांच्या गर्दीत बिचाऱ्या हुरड्याकडे कोणी पाहत नाही. दुपारच्या जेवणास पुन्हा पनीर असतेच! शतावरीच्या ताटाशेजारी जर्मन मनुष्य पाळणा टांगीत नाही.

आता वाढण्याच्या कलेकडे वळू. उत्तम भोजन म्हणजे काय ह्याचा विचार करू लागले की आपले सुशिक्षित लोक लगेच मेज, पांढरी चादर, मेणबत्ती, आणि फ्रेंच नावांची यादी ह्यांची कल्पना करतात. इतके दूर जाण्याची आवश्यकता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपातील बड्या घरी सर्व पदार्थ एकदम मेजावर मांडीत. पाहुण्याच्या हाताशी जे येई ते त्याने खावे आणि बाकीचे निवू द्यावे. पुढे त्या शतकात एकामागून एक पदार्थ गरम गरम आणून प्रत्येकास वाढण्याची रीत रूढ झाली. तीस ते रशियन पद्धत म्हणतात. आज ज्यास उंची भोजन म्हणून नावाजतात ते ह्या रीतीवरच उभे आहे.

आपल्या पंगतीत ह्या दोन्ही रीतींचा मेळ आधीच साधलेला आहे. केळीचे पान शेंडा डावीकडे करून मांडतात. वर मधोमध मीठ. डाव्या बाजूस लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजव्या बाजूस भाज्या व आमटी. डावीकडचे पदार्थ अगदी थोडे, जिभेस जाग आणण्यापुरते, उजवीकडचे पोटभरीचे. हे सर्व आधी मांडलेले असते, आणि मग क्रम सुरू होतो: प्रथम वरणभात व त्यावर तुपाची धार, मग पोळी, मग मसालेभात, मग पक्वान्न, मठ्ठा, आणि शेवटी ताकभात. आरंभ सौम्य, मध्य तिखट व गोड, शेवट पुन्हा सौम्य. कोणत्या क्षणी कोणते पातेले बाहेर यावे हे वाढप्यांस ठाऊक असते. पानावर काय संपत आले आहे हे खाणाऱ्याच्या आधी वाढणाऱ्याच्या ध्यानात येते. घरधनी पंगतीतून एक फेरी घालून 'सावकाश होऊ द्या' म्हणून जातो. हांबुर्गच्या हॉटेलात ज्या गोष्टीसाठी पाहुणा मुक्तहस्ताने पैसे मोजतो, ती ही नजर होय. आग्रहाचा अतिरेक आम्हांसही पसंत नाही. नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी टाकून ती वाया घालविणे ही आदराची खूण नव्हे. पण अतिरेक काढून टाकला तरी नजर उरते, आणि तीच मोलाची.

घाटापलीकडे वाईस कृष्णाबाईचा उत्सव होतो. तेथील निरनिराळ्या घाटांचे उत्सव आळीपाळीने पार पडतात आणि नदीकाठी प्रसादाच्या पंगती उठतात. शेकडो माणसांस एका वेळी गरम अन्न, क्रम न चुकता, वाढणे ही गोष्ट लहान नाही. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांस ह्या भागातील माणसांना आतिथ्य शिकवावयास परदेशी गुरू आणावा लागेल असे वाटणार नाही.

येथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या पंगतीची ही सारी शोभा ज्यास पंगतीत बसू दिले त्याच्यापुरती होती. कोण कोणाच्या शेजारी बसेल, कोणाचे पान कोठे मांडावे, कोणी अंगणातूनच परत फिरावे, ह्याचे नियम पदार्थांच्या क्रमाहूनही कडक होते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी ह्यांनी त्यांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली, आणि एका पेल्यावरून एवढे ग्रामण्य माजले की टिळक-रानड्यांसारख्यांसही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. ही तर वरच्या वर्गाची कथा. ज्यांस पाणीदेखील शिवू दिले जात नव्हते त्यांची कथा त्याहून निराळी आहे. जोतीराव फुले ह्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई ह्यांचे जन्मगाव नायगाव. ते ह्याच खंडाळा तालुक्यात आहे.

हॉटेल नावाच्या संस्थेने ह्या बाबतीत जे काम केले त्याचे श्रेय तिला मिळाले पाहिजे. पैसे टाकील त्यास बसावयास जागा देणे, हा तिचा नियम तत्त्वज्ञानातून आला नाही, गल्ल्यातून आला. तरीही तो पंगतीच्या नियमाहून उदार निघाला. तोही सर्वत्र आपोआप आला नाही. चहाच्या दुकानातील वेगळ्या कपबशा पुष्कळांच्या स्मरणात आहेत, आणि राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला तो उगीच नव्हे. म्हणून खंडाळ्याच्या रस्त्यावर आम्हांस जे पान मांडलेले पाहावयाचे आहे, त्यास दार हॉटेलचे हवे आणि नजर पंगतीची.

ते रांधणार कोण, हा पुढला प्रश्न. आमच्या घरांतून पाकविद्या आजीकडून नातीकडे तोंडी जात असे. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांनी 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक काढून तिला छापील रूप दिले. १९७० साली सांगलीकडच्या कमलाबाई ओगले ह्यांची 'रुचिरा' आली; तीत मापे वाटी-चमच्याची असल्यामुळे नव्या सुनेसही स्वयंपाकघरात धीर आला. पुस्तके घरोघर गेली. परंतु ज्या बायका हे सारे न वाचताच उत्तम करतात, त्या खंडाळ्या-शिरवळाच्या वाड्यावस्त्यांवर आजही आहेत, आणि त्यांच्या हातच्या बाजरीच्या भाकरीस, घेवड्याच्या आमटीस, खर्ड्यास राजमार्गावर विचारणारा कोणी नाही. त्यांपैकी काही बचत गटांतून पापड-लोणची करून विकतात. पापड-लोणचे हे पानाच्या डाव्या बाजूचे काम. उजवी बाजू त्यांस अजून कोणी दिलेली नाही. आमच्या शहरी एकत्र कुटुंबांतही सण आला की बाहेरून आचारी किंवा तयार डबे येतात. घरात विद्या राहिली नाही आणि रस्त्यावर तिला जागा मिळाली नाही, तर आणखी वीस-पंचवीस वर्षांनी ती राहणार कोठे?

उपाहारगृहांच्या चालकांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे, आणि ते पोकळ नाही. प्रवासी घाईत असतो. मुले पनीर मागतात. भाकरी थापणारी बाई आजारी पडली तर भाकरी बंद. डोशाचे पीठ मात्र यंत्र वाटते. हंगामी पदार्थावर बाराही महिन्यांचे भाडे निघत नाही. शिवाय भाकरी-पिठल्यास तंदुरी रोटीहून अधिक दर लावला की आमचेच सुशिक्षित गिऱ्हाईक 'हे तर घरी होते' म्हणून नाक मुरडते. ह्यांतील शेवटच्या आक्षेपास उत्तर आम्हीच द्यावयाचे आहे. चांगली भाकरी करण्यास कौशल्य लागते हे मान्य करावयाचे आणि त्याचे मोल देताना मात्र हात आखडावयाचा, हा व्यवहार बरोबर नाही. परदेशात उकडलेल्या कोंबांसाठी खिसा रिकामा करून येणारे गृहस्थ शिरवळच्या पुढे गाडी थांबवून पिठल्याच्या दरावर वाद घालतात, हा आमच्या समाजातील एक चमत्कारच म्हणावयाचा!

हंगामाच्या आक्षेपाचे उत्तर हंगामातच आहे. चैत्रात कैरीची डाळ व पन्हे, पावसाळ्यात मावळ-भोरकडच्या नव्या-जुन्या तांदळाचा भात व कुळथाचे शेंगोळे, थंडी पडली की कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत, बाजरीची भाकरी व लोणी, पौषात हुरडा, माघात हरभऱ्याचे सोलाणे. कोरेगावचा वाघ्या घेवडा बारमाही आहे आणि त्यास २०१६ साली मानांकन मिळाले आहे. सांगलीचा बेदाणा व हळद ह्यांसही ते मिळाले आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तो मध डोंगर उतरून पायथ्यापर्यंत येण्यास कितीसा वेळ लागतो? शेवटी साताऱ्याचा कंदी पेढा, साखर बेताची आणि खवा चांगला भाजलेला. एवढी सामग्री ल्यूनेबुर्गच्या माळावरील कोणा धर्मशाळेच्या हाती असती तर तिच्या दारापुढील पाटी वर्षातून चार वेळा बदलली असती.

खर्च फारसा नाही. स्वच्छ खोली, दहा-बारा पाट किंवा मेजे, दारात खडूची पाटी; आणि त्या पाटीवर आज काय आहे ते, कोणत्या शेतातले आहे ते, आणि रांधणारीचे नाव. तिचे नाव लिहिणे फार महत्त्वाचे आहे. हांबुर्गच्या हॉटेलात आचाऱ्याचे नाव पाहून लोक मेज राखून ठेवतात. आमच्याकडे मालकाचे नाव पाटीवर असते, देवाचे असते, गावाचे असते. चुलीपाशी उभी असलेली बाई तेवढी अनामिक राहते.

येत्या पौषात ज्या कुटुंबांस साताऱ्यास, वाईस किंवा महाबळेश्वरास जाणे असेल त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. पुण्याहून जाताना खंडाळा घाटाच्या आधी लागते. परतताना बोगद्यातून बाहेर पडल्यावर लागते. दोन्ही वेळा उतरता येते. आदल्या दिवशी गावातील ओळखीच्या कोणास विचारून ठेवावे, कारण हुरड्याची कणसे सकाळीच खुडावी लागतात. मुलांस जुने कपडे घालावे. राखेचे डाग धुतले तरी जात नाहीत. आणि आगटीपाशी बसलेल्या बाईने हातावर चोळून पहिली मूठ पुढे केली की ती लगेच घ्यावी, ताटली शोधीत बसू नये.